पासबुक आणि पट्ट्यांची तार

तुमच्या गावच्या बँकेत तुम्ही ठेवलेले पैसे आत्ता, तुम्ही हे वाचत असताना, कुठे आहेत?

तिजोरीत, असं उत्तर मनात आलं असेल तर त्यात तुमचा दोष नाही. मी बँकेत लागले तेव्हा माझ्या आईलाही तसंच वाटत होतं. एवढ्या लोकांचे पैसे आणि दाराला एकच कुलूप, म्हणून ती काळजीत होती. वडिलांची काळजी वेगळी होती. ते वाशिंदच्या एका कारखान्यात होते, आणि कारखान्यापेक्षा जास्त युनियनमध्ये होते. आमच्या घरात गव्हाच्या डब्याशेजारी पत्रकांचे गठ्ठे असत. अक्षरं मी शाळेत गिरवली, पण वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. अशा घरातली मुलगी बँकेची परीक्षा पास झाली. तिसऱ्या दिवशी चहा पिताना वडील म्हणाले, "जा. आत जाऊन बघ तरी, पैसा जातो कुठं."

सहा वर्षं बघते आहे. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण एक 'कारणे दाखवा' नोटीस मला पुरेशी आहे. ती कशी मिळाली, तेच सांगायचं आहे.

शाखा मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या थोडी अलीकडे. मी वाशिंदहून शहापूर, शेणवा, किन्हवली, सरळगाव असा स्कूटरचा प्रवास करून पोचायची. शाखेत आम्ही चौघं होतो. व्यवस्थापक पाटकर साहेब, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. रोखपाल. कर्जाचं टेबल सांभाळणारी मी. आणि बाळाराम, जो कागदोपत्री शिपाई होता आणि प्रत्यक्षात शाखेचा परराष्ट्रमंत्री. कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाची सही कुणासमोर घ्यायची नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात.

रुजू होऊन दीड वर्ष झालं आणि साहेब विभागीय बैठकीहून परत आले ते थेट माझ्या टेबलाशी आले. पडद्यावर शाखांची यादी दाखवली होती, आणि आमचं नाव लाल रंगात होतं. पुढच्या वर्षभरात बंद करून मुरबाडच्या शाखेत विलीन करायच्या शाखांची ती यादी होती. मला कळेना. ठेवी तर धो-धो येत होत्या. मोठ्या रस्त्यात जमिनी गेल्या होत्या आणि मोबदल्याचे पैसे लोकांनी आमच्याकडेच ठेवले होते. एवढा पैसा असलेली शाखा तोट्यात कशी?

हे मला साहेबांनी नाही, दिलीपने समजावलं. दिलीप म्हणजे मंडप-डेकोरेशनवाला, शाखेसमोरच त्याचं गोडाऊन. तो म्हणाला, "म्याडम, समजा माझ्याकडं पाचशे खुर्च्या हायेत, पण माझ्या नाय. कल्याणच्या शेटकडून भाड्यानं आणल्यात. त्या गोडाऊनमधे पडून राहिल्या तर शेटचं भाडं चुकतंय का? नाय. लग्नाला दिल्या तरच माझं सुटणार. आता तुमी सांगा, तुमच्या खुर्च्या कुठं हायेत?"

बँकेचा धंदा यापेक्षा सोपा करून मला आजवर कुणी सांगितलेला नाही. ठेव ही बँकेची मालमत्ता नसते. ती भाड्याने आणलेली खुर्ची असते आणि तिचं भाडं, म्हणजे व्याज, द्यावंच लागतं. कर्ज दिलं तरच कमाई. आमच्या शाखेत शंभर रुपये ठेव असेल तर त्यातले गावात कर्ज म्हणून गेलेले रुपये दोन्ही हातांच्या बोटांवर मोजून वर बोटं उरली असती. उरलेल्या खुर्च्या मुख्य कार्यालय उचलून घेऊन जायचं, मुंबईत जास्त भाड्याने द्यायचं, आणि आमच्या पदरात थोडंसं टाकायचं. त्यात खुर्च्या वाहणाऱ्या माणसांचा पगार, जागेचं भाडं, जनरेटरचं डिझेल, हा खर्च आमच्याच माथी. शाखेला एक रुपया कमवायला जवळजवळ रुपयाच लागत होता.

मग गावात कर्ज का देत नव्हतो? कारण वीस हजारांच्या कर्जाला जेवढे कागद, जेवढ्या सह्या आणि जेवढ्या खेपा लागतात, तेवढ्याच वीस लाखांच्या कर्जाला. ज्याला दिवसभरात चारच फायली हलवता येतात, तो लहान फाइल कशाला हातात घेईल? आळस म्हणा, हिशेब म्हणा. आमच्याकडे दोन्ही होतं.

शाखा बंद झाली असती तर माझं काय जाणार होतं? स्कूटरचा रस्ता वाचला असता. जाणार होतं ते सगुणाबाईचं.

सगुणाबाई डोंगराच्या अंगच्या पाड्यावरची. तिच्याकडे मोगऱ्याची झाडं. आमच्याकडे उन्हाळ्यात मोगरा ही शेतीच आहे, हे मुंबईत गजरा माळणाऱ्यांना ठाऊक नसतं. उजाडताना कळ्या खुडायच्या, ओल्या कापडात बांधायच्या आणि फुलांचा टेम्पो रस्त्यावर येईल तेव्हा चढवायच्या. टेम्पो त्या कल्याणच्या बाजारात पोचवतो आणि दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याची पट्टी घेऊन येतो. पट्टी म्हणजे किती माल, काय भाव, किती कापलं, याची चिठ्ठी. कळी त्या सकाळी खुडली नाही तर संध्याकाळी उमलते, आणि उमललेला मोगरा बाजारात कुणी घेत नाही. त्यामुळे सगुणाबाईचा पूर्ण दिवस कधी रिकामा नसायचा. टेम्पो गेल्यावर ती चालत शाखेत यायची आणि उन्हं चढायच्या आत परत जायची. बँक मुरबाडला गेली असती तर बँकेत जायचं म्हणजे एका सकाळचा माल सोडायचा.

ती दोनदा माझ्याकडे येऊन गेली होती. झाडं वाढवली, पण मार्चनंतर विहिरीचं पाणी खोल जातं. मोटर आणि ठिबकची नळी मिळाली तर मेपर्यंत फूल टिकेल, असं तिचं म्हणणं. मी दोन्ही वेळा उत्पन्नाचा पुरावा मागितला होता. तिच्याकडे नव्हता. मी नियमावर बोट ठेवलं, ती उठून गेली. हे लिहिताना आजही मान खाली जाते. शाखा बंद व्हायची वेळ आली नसती तर मला ते आठवलंही नसतं.

लाल यादीने मला जाग आली. आणि जागी झालेली मी काय करणार? पत्रक काढणार.

साहेब चार दिवस रजेवर होते. मी त्यांना विचारलं नाही. कर्जमेळावा भरवायचा, अर्ज गोळा करायचे आणि तिमाही संपायच्या आत शाखेचं कर्जवाटप वाढवायचं, असा बेत होता. एका बैठकीत मजकूर लिहिला, मुरबाडला छापून घेतला आणि आठवडी बाजारात बाळारामकरवी वाटला. त्याची एक प्रत अजून माझ्याकडे आहे:

"बंधू-भगिनींनो! आपण आपल्या बँकेत कष्टाचा पैसा ठेवला. तो पैसा आज इथे आहे का? नाही! तो मुंबईला गेला! तिथे त्यावर मनोरे उठतात, आणि इथे आपल्या मोगऱ्याला पाणी नाही! किती दिवस गप्प बसणार? आपला पैसा मागण्याचा हक्क आपला आहे! सोमवारी सकाळी दहा वाजता बँकेत या!"

खाली 'कर्जमेळावा' असं होतं. पण मजकूर लांबल्यामुळे छापखान्याने ते सर्वांत बारीक टायपात बसवलं होतं.

वडिलांना मी मोठ्या अभिमानाने फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, चांगलं आहे, पण हे बँकेने काढलंय की बँकेविरुद्ध? मी हसले. प्रश्न किती नेमका होता, ते सोमवारी कळलं.

सोमवारी मी साडेनऊला पोचले तर रांग रस्त्यापर्यंत होती. मला भरून आलं. इतकी माणसं कर्ज मागायला आली, लोक जागे झाले, असं वाटलं. जवळ गेले तर प्रत्येकाच्या हातात पासबुक. रांगेत सगळ्यात पुढे काळूकाका. यांची जमीन रस्त्यात गेलेली, शाखेतले सगळ्यात मोठे ठेवीदार, आणि आवाज त्याहून मोठा.

"काय गो बाय," त्यांनी मला हटकलं, "आमचा पैसा हितं नाय म्हनं?"

मी म्हटलं, "काका, तसं नाही. म्हणजे, आहे तसंच. पण तसं नाही."

"तूच लिवलास ना? पैसा मुंबईला गेला म्हनून? मंग आता मुंबईवरनं आन. आमी बसतो."

मी ठेवी आणि कर्जांचं नातं समजावायला लागले. जितकं खरं बोलत गेले तितकी रांग वाढत गेली. ही बँकेची गंमत आहे. तुमचा पैसा तिजोरीत नाही हे अगदी खरं असतं, पण सगळ्यांनी एकाच सकाळी ते तपासायला येऊ नये एवढंच. लहान शाखेत ठेवायच्या रोकडीला मर्यादा असते. रोखपालाने मला आत बोलावून तिजोरीतला आकडा दाखवला. तो दीड तासाच्या वर पुरणार नव्हता.

बाळारामने साहेबांना फोन केला होता. ते रजा सोडून अकराच्या सुमारास आले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी रस्ता ओलांडून दिलीपकडे गेले आणि अर्ध्या तासात शाखेसमोर मंडप पडला, खुर्च्या लागल्या, चहाचं पातेलं आलं. मी विचारलं, साहेब, हे कशाला? ते म्हणाले, "उन्हात उभी असली की रांग भीतीची दिसते. सावलीत बसली की लग्नाची दिसते."

मग त्यांनी शहापूरहून जादा रोकड मागवली, लहान रकमांची माणसं आधी घेतली, आणि बाळारामला दारातच डबा उघडून जेवायला बसवलं. बँक बुडताना शिपाई एवढ्या निवांत भाकरी खात नाही, हे लोकांना पटलं. दुपारपर्यंत निम्मे जण चहा पिऊन, पासबुकावर शिक्का मारून घेऊन घरी गेले. उरलेल्यांनी बचत खात्यातले पैसे काढलेच. काळूकाकांनी तर मुदतठेवही मोडून घेतली. रक्कम मोठी म्हणून त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं, तेव्हा ते तांदळाची पिशवी घेऊन आले आणि भरून घेऊन गेले.

सोमवारी टेम्पो गेल्यावरच्या तिच्या नेहमीच्या वेळी सगुणाबाई त्या गर्दीत आली होती. रांगेत न थांबता ती सरळ माझ्या टेबलाशी आली. मी इतकी खचले होते की म्हटलं, बाई, तुमच्या खात्यात आहे ते लगेच देते, पासबुक द्या.

"पासबुक कशाला आनू?" ती म्हणाली. "मागा म्हनून लिवलंय, तर मागायला आले."

तिने पदराखालून एक जाड लोखंडी तार काढली. तारेत ओवलेल्या पट्ट्या. दोन उन्हाळ्यांच्या, रोजच्या, व्यापाऱ्याच्या सहीच्या. घरात खुंटीला टांगलेली असते, तशीच उचलून आणलेली. माझ्या पत्रकाचा खरा अर्थ त्या दिवशी एकट्या तिला कळला होता, आणि मी दोनदा मागितलेला उत्पन्नाचा पुरावा तिच्या खुंटीला लटकत होता. मी विचारलं, आधी का नाही दाखवल्या?

"तू कागद मागितलास. ही तर तार हाय."

मी विचारलं, अशा तारा पाड्यावर आणखी कुणाकडे आहेत? ती म्हणाली, फूल लावनारी सगळीच ठेवतात. दुसऱ्या दिवशी अकरा बायका आल्या, अकरा तारा घेऊन.

आता यातला विनोद ऐका. तिमाही नेमकी त्याच आठवड्यात संपली. मुख्य कार्यालय शेवटच्या दिवशीच्या आकड्यांवर शाखेचं कर्ज ठेवीशी ताडून पाहतं. आमचं कर्ज होतं तेवढंच होतं, पण ठेवी धाडकन खाली आल्या होत्या. छेद लहान झाला की अपूर्णांक मोठा होतो, हे पाचवीत शिकवतात. आमचं प्रमाण एका उडीत असं सुधारलं की विभागीय कार्यालयाचं अभिनंदनाचं पत्र आलं आणि आमचं नाव लाल यादीतून निघालं. पत्रात 'शाखेने राबवलेल्या अभिनव उपक्रमाबद्दल' असे शब्द होते.

त्याच दिवशी काळूकाका पिशवी घेऊन परत आले. चार दिवस ते घरातून हलले नव्हते. शेणव्याला सख्ख्या पुतण्याची हळद होती. आमच्याकडे लग्नाला नाही गेलं तर चालतं, हळदीला नाही गेलं तर पिढ्यानपिढ्या ऐकावं लागतं. काका पिशवीशेजारी बसून राहिले आणि भाऊबंद तोंड फिरवून बसले.

"घे गो, तुझा पैसा," त्यांनी पिशवी टेबलावर आपटली.

"काका, तुमचा आहे."

"माझा असता तर मी हळदीला नसतो गेलो?"

त्यांच्यामागोमाग बाकीचेही परतायला लागले. म्हणजे सुधारलेलं प्रमाण पुढच्या तिमाहीत पुन्हा कोसळणार, हे उघड होतं. आणि मी, पत्रकांवर वाढलेली, खोट्या अभिनंदनाचं पत्र हातात घेऊन बसले होते. खरं कळवलं तर शाखा पुन्हा यादीत. नाही कळवलं तर मी कारखान्याच्या त्या मालकांपेक्षा वेगळी कशी, ज्यांच्या नफ्याच्या आकड्यांवर वडिलांनी पत्रकं काढली होती?

साहेबांना विचारलं. ते म्हणाले की आकडा खोटा नाही, फक्त फोटो काढताना आपण श्वास रोखून पोट आत घेतलं होतं. पुढे काय करायचं ते तू ठरव, पत्रक तुझं होतं.

मी कळवलं. सगळं खरं लिहिलं, पत्रकाची प्रत जोडली. पण ते पत्र मी सगुणाबाईच्या गटाचं कर्ज मंजूर होऊन बारा मोटरींचे पैसे गेल्यावर टाकलं. मधले अकरा दिवस माझ्या तत्त्वांनी रजा टाकली होती. त्याचा मला पश्चात्ताप आहे का? अर्धा.

उत्तर दोन पाकिटांत आलं. एकात मला परवानगीशिवाय पत्रक छापल्याबद्दल कारणे दाखवा, आणि शाखेला मंडपाचा खर्च कोणत्या खात्यात टाकला याचा खुलासा मागितलेला. दुसऱ्यात शाखेचं नाव पुन्हा यादीत, पण एका वर्षाच्या मुदतीसह. हे वर्ष आम्हाला साहेबांच्या एका वाक्यामुळे मिळालं असं मी मानते. त्यांनी माझ्या त्या पत्राखाली हाताने लिहिलं होतं: 'सोबत बारा तारा जोडल्या आहेत, कृपया पाहाव्यात.' आणि पट्ट्यांच्या झेरॉक्स खरंच जोडल्या होत्या.

त्या वर्षात आम्ही शाखा उलटी चालवली. पाड्यावरच्या शाळेत एकाच दिवशी सगळ्या गटांचे अर्ज भरून घेतले, म्हणजे बारा फायलींना एकाच फाइलची मेहनत. हप्ते दर महिन्याला न ठेवता मोगऱ्याच्या महिन्यांत ठेवले, कारण डिसेंबरात फूल नसतं आणि तेव्हा हप्ता मागणं म्हणजे थकबाकी आपल्या हाताने पेरणं. वसुलीला कुणाला शाखेत बोलावलं नाही. आठवड्यातून एकदा मी आणि बाळाराम सकाळी टेम्पोच्या थांब्यावर जायचो. माल चढला की बायका तिथेच भरायच्या आणि तासाभरात आम्ही मोकळे. पहिल्या उन्हाळ्यात एकही हप्ता चुकला नाही. सगुणाबाई दरवेळी शेवटी यायची, सगळ्यांचं झालं की नाही ते बघून.

आता माझा दुसरा गुन्हा. कर्ज वाढलं की नफा वाढतो, हे मी इतकं मनावर घेतलं की थांबायचं विसरले. दिलीप, ज्याने मला धंदा शिकवला, त्याला पांढरे सोफे आणि दिव्यांच्या कमानी घ्यायला मी मोठं कर्ज दिलं. त्याचा व्यवहार मी तपासला नाही, त्याची उपमा तपासली. त्याने तो सगळा सरंजाम सोयऱ्याधायऱ्यांना आणि निवडणुकीला उभ्या राहिलेल्या मित्रांना फुकट वापरायला दिला. कर्ज बुडीत गेलं आणि पाड्यावरच्या सगळ्या बायकांनी हंगामभर भरलेलं व्याज त्या एका खात्याने गिळलं. परवा मी विचारलं, दिलीप, तूच म्हणाला होतास ना, खुर्च्या गोडाऊनमध्ये ठेवू नयेत?

"म्याडम," तो म्हणाला, "कुनालापन द्या असं मी कधी बोल्लो?"

बरोबर आहे. दिलेलं कर्ज म्हणजे नफा नव्हे. परत आलेलं कर्ज, तेही कमी खर्चात परत आलेलं, म्हणजे नफा. मी ते सोफ्यांच्या किमतीत शिकले.

साहेब निवृत्त झाले. शाखा अजून उघडी आहे. दरवर्षी मार्चमध्ये यादी येते आणि दरवर्षी आमचं नाव बंद करण्याच्या रेषेच्या जरा वर किंवा जरा खाली असतं. दिलीपच्या खात्यामुळे यंदा खाली आहे. येत्या मार्चला शाखा राहील की जाईल, मला ठाऊक नाही. सगुणाबाईने यंदा झाडं दुप्पट लावली आहेत. तिने मला विचारलेलं नाही, बँक राहनार ना गो, म्हणून. तिने गृहीत धरलं आहे. मला तेच जड जातं.

म्हणून एक मागणं आहे, आणि ते या अंकाच्या वाचकांनी दिवाळीच्या सुट्टीतच पुरं करावं. तुम्ही कल्याणला राहत असाल, डोंबिवलीला राहत असाल, पण गावी जाल. गावच्या बँकेत जा आणि व्यवस्थापकाला शांतपणे विचारा की आमच्या गावाने ठेवलेल्या शंभर रुपयांतले किती रुपये आमच्याच गावात कर्ज म्हणून दिलेत. उत्तर मिळालं नाही तर तोच प्रश्न ग्रामसभेत लेखी मांडा. आणि तुमच्या घरात, शेजारी, पाड्यावर कुणी काही पिकवत, शिवत, विकत असेल, तर तिला सोबत न्या. रांग लावू नका, माझ्यावर दया करा. पासबुक घरीच ठेवा. खुंटीवरची तार घेऊन जा.